रस्ता मऊ व्हायच्या आत

फांदी रुळांवर आडवी पडली होती. फार मोठी नव्हती. मनगटाएवढी जाड, लिंडनच्या झाडाची, एका अंगाला साल सोलून पांढरी पडलेली. हिल्कानं ट्राम इतक्या सवयीनं थांबवली की आत उभ्या असलेल्यांच्या कपातली कॉफीसुद्धा डचमळली नाही. नियम असा की अशा वेळी चालकानं कळवायचं आणि साफसफाईची गाडी येईपर्यंत जागेवर बसून राहायचं. पण रात्रभर ताम्पेरेवरून वादळ गेलेलं, शहरभर हेच झालेलं असणार, गाडी कधी येईल कोण जाणे. तिनं दार उघडलं, खाली उतरली, फांदीला दोन्ही हातांनी कवळ्यात घेतलं आणि ओढत नेऊन पदपथाच्या कडेला टाकली. काचेतून एका बाईनं अंगठा उंच केला. हिल्का जागेवर येऊन बसली, ट्राम सुरू झाली, हामेनकातू रस्त्यावरचा पूल मागे पडला. एवढंच झालं. पण पुढच्या थांब्यावर दारं मिटली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात लिव्हरवर आहे आणि डावा नाकाशी. हातमोज्याला ओल्या सालीचा वास येत होता. कडवट, गार, थोडा गोडसर. त्या वासानं पोटात, बेंबीच्या जरा वर, काहीतरी हललं. भूक लागल्यावर हलतं तसं. पण ती भूक नव्हती.

हेर्वान्ता उपनगरातल्या शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेले तरी ती हातमोजा नाकाशी धरून बसून राहिली. चोपन्न वर्षांची बाई, आधी बस आणि आता ट्राम चालवण्यात आयुष्य गेलेलं. वेळेवर निघायचं, वेळेवर पोचायचं, आणि घरी येऊन सूप गरम करून खिडकीशी बसायचं. त्यात दुःख काही नव्हतं. घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली होती की नवऱ्याची आठवण शाळेतल्या एखाद्या मास्तरासारखी यायची, चेहरा आठवायचा आणि नाव आठवायला वेळ लागायचा. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि हेच कधीकधी तिला बेचैन करायचं. संध्याकाळी हात मांडीवर ठेवून बसलं की ते हात दुसऱ्या कुणाचे तरी, आपल्याकडे सांभाळायला दिलेले, असे वाटायचे. आता त्या हातांना वास आला होता. तिनं फोन काढला आणि वडिलांना लावला. जानेवारीत अंगणातल्या बर्फावर घसरून त्यांचा खुबा मोडला होता. नवा बसवला होता, पण घराच्या पायऱ्या उतरणं म्हणजे त्यांना डोंगर उतरण्यासारखं झालं होतं. रविवारी ती फोन करायची. आज रविवार नव्हता.

"काय झालं?" ओइवानं, म्हणजे तिच्या बाबांनी, फोन उचलताच विचारलं.

"काही नाही. तिकडे वारा होता का?"

"होता."

"आणि झाडं?"

"उतारावरची पडली. खिडकीतून दिसतंय. किती ते विचारू नको, मोजायला पाय कुठेत मला. सुलेवीला सांगितलंय. तसंही तो सगळं जंगल घ्यायचं म्हणतोच आहे, जमिनीसकट. मे महिन्यात सह्या करू, मग तो आणि त्याची झाडं."

सुलेवी म्हणजे शेजारी. तिच्या भावाच्या, वेसाच्या, वर्गातला. वेसा स्वीडनला गेला त्याला जमाना झाला, त्याला जंगलाशी घेणंदेणं नव्हतं, आणि हिल्काला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःही स्वतःला विचारलं नव्हतं. म्हणून पुढचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ते तिनं बाबांइतकंच आश्चर्यानं ऐकलं.

"थांबा जरा. मी येते. मी काढते ती झाडं."

"कशानं?"

"ट्रॅक्टरनं. ट्रेलर आहे ना अजून, क्रेनवाला?"

"आहे. चालवणार कोण?"

"बाबा, मी इतकी वर्षं काय करतेय?"

"रुळांवर चालवतेस," बाबा म्हणाले. "त्याला वळवावं लागत नाही."

दुपारी तिनं लाकूड विकत घेणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस तरुण, सभ्य आणि आवाजावरून फार दमलेला होता. अख्ख्या प्रांतात झाडं पडली होती, त्यांची सगळी मोठी यंत्रं मोठ्या जंगलांत अडकली होती, एवढ्याशा तुकड्यासाठी यंत्र पाठवणं उन्हाळ्याआधी शक्य नव्हतं. आणि उन्हाळ्यापर्यंत पडलेल्या स्प्रूसच्या झाडांत साल पोखरणारा किडा शिरला असता, आणि तिथून उभ्या झाडांत. "पण तुम्ही स्वतः ओंडके रस्त्याच्या कडेला आणून रचलेत," तो म्हणाला, "तर ट्रक पाठवतो. फक्त रस्ता मऊ व्हायच्या आत." म्हणजे काय ते तिला सांगायला नको होतं. जमीन गोठलेली आहे तोवर खडीचा रस्ता ट्रक सोसतो. एकदा आतलं बर्फ वितळलं की त्याची लापशी होते, नगरपालिका पाटी लावते, आणि मग महिनाभर सायकलसुद्धा जपून न्यावी लागते. मार्च संपत आला होता. छपरांवरून टपटप सुरू झाली होती. हिल्कानं लगेच रजा टाकली.

गाडी घराच्या वळणावर आली तर बाबा रस्त्यातच. घसरखुर्ची घेऊन उभे: पुढे छोटं बैठं आसन, मागे लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, पट्टीवर उभं राहून एका पायानं जमिनीला रेटा देत बर्फावरून जायची. लहानपणी प्रत्येक घराच्या दाराशी ती असायची. त्यांनी वॉकर ओट्यावर सोडला होता आणि खुर्चीच्या दांड्याला धरून एवढे आले होते. "डॉक्टरांनी सांगितलंय हे करायला?" तिनं काच खाली करून विचारलं. "डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलंय," बाबा म्हणाले. "कशावर ते नाही सांगितलं." ती उतरली, त्यांना आसनावर बसवलं, घोंगडी पांघरली, आणि स्वतः मागे उभी राहून पाय मारायला लागली. टणक बर्फावरून खुर्ची सुसाट निघाली. समोर बाबांची टोपी, टोपीच्या कानपट्ट्या वाऱ्यावर उडताहेत, दोन्ही बाजूंनी बर्फावर ऊन चमकतंय, आणि तिच्या घशातून एक आवाज बाहेर पडला, किंकाळी म्हणावी तर नाही आणि हसू म्हणावं तर तेही नाही. "हळू," बाबा पुढे बघत ओरडले, "एक खुबा अजून जुना आहे!" मग उतार आला आणि ती थांबली.

सबंध उतार आडवा झाला होता. झाडं एकाच दिशेला झोपली होती, शेजारी शेजारी, जाजमावर माणसं झोपावीत तशी. आणि प्रत्येकाच्या पायाशी मुळांची ताटली उभी, माणसाच्या दुप्पट उंच, तिच्यातून माती आणि दगड लोंबताहेत. त्या मुळांचा, उघड्या मातीचा, तुटलेल्या लाकडातल्या डिंकाचा वास इतका दाट की तो चावता आला असता. बाबा टोपी काढून हातात घेऊन बसले होते. त्यांच्या विरळ केसांतून टाळूची गुलाबी कातडी दिसत होती. त्यांना वाईट वाटतंय हे हिल्काला कळत होतं, आपल्यालाही वाटायला हवं हे कळत होतं, आणि तिच्या छातीत मात्र ती बेंबीच्या वरची गोष्ट आता जागी होऊन उठून बसली होती. तो आनंद होता. ती दचकली. माणूस मेलेल्या घरात आपल्याला शिट्टी वाजवावीशी वाटावी, तसं झालं. तिनं चेहरा लपवायला खाली वाकून बुटाची नाडी बांधली.

लहानपणी जंगलात जायचं ते वेसानं. त्याला कोयता मिळाला, मग करवत धरायला मिळाली, चौदाव्या वर्षी ट्रॅक्टर मिळाला. हिल्काच्या वाट्याला केटली. शेकोटीशी बसायचं, बर्फ वितळवून कॉफी करायची, सॉसेज काठीला लावून भाजायचे आणि हाक मारायची. पण शेकोटीशी बसणाऱ्याला कान असतात. करवतीचा आवाज सुक्या लाकडात कसा चिरका होतो आणि ओल्यात कसा भरून येतो, झाड पडायच्या आधी एक क्षण कसं सगळं चिडीचूप होतं, ट्रॅक्टर चढाला लागल्यावर बाबा गिअर कधी टाकतात आणि वेसा कधी टाकतो, आणि वेसा नेहमी उशिरा टाकतो, हे सगळं तिच्या कानांत साठत गेलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून ते तिथेच राहिलं. आता खळ्यात उभ्या त्या लाल ट्रॅक्टरवर ती चढून बसली, आणि सीटचा फाटलेला रेग्झिन मांडीला टोचला, तेव्हा पहिल्यांदा तिनं ते सगळं एकदम ऐकलं.

पण कानांनी क्रेन चालत नाही. मागे वळून बसायचं, दोन्ही हातांत लिव्हरं. एक लोखंडी हात वर-खाली करतं, दुसरं लांब-आखूड, तिसरं फिरवतं, आणि एक पंजा उघडतं-मिटतं. पहिल्या दिवशी तो लोखंडी हात दारू प्यायलेल्या पाहुण्यासारखा वागला. ओंडका उचलला की तो हवेत गरगर फिरायचा, ट्रेलरच्या खांबांवर धाडकन आपटायचा, एकदा तर केबिनच्या मागच्या जाळीशी येऊन हिल्काच्या तोंडासमोर टक लावून थांबला. बाबा घसरखुर्चीवर, मांडीवर थर्मास, सुरक्षित अंतरावर बसले होते आणि त्यांचा आवाज इंजिनावरून स्पष्ट ऐकू येत होता.

"उचलण्याआधी मधोमध धर! मधोमध! तू त्याची शेपटी धरतेस!"

"मला कळतंय!"

"त्याला कळत नाहीये!"

"बाबा, तुम्ही घरी जा!"

"कोण नेणार? तू नेशील तेव्हा जाईन!"

फांद्या छाटायला आणि खोडं मुळांपासून तोडायला सुलेवी आला होता, त्याची यांत्रिक करवत घेऊन. ते काम हिल्कानं त्याच्याकडे आपणहून दिलं. वाऱ्यानं पाडलेल्या झाडात ताण भरलेला असतो, चुकीच्या जागी काप बसला तर बुंधा माणसाला उडवतो, आणि ताटली परत खड्ड्यात बसते तेव्हा तिच्या मागे जो असेल तो आत जातो. सुलेवी ठेंगणा, रुंद, भुवया नसल्यासारख्या पिवळ्या. शाळेत असताना त्यानं तिच्या टोपीत मुंग्या सोडल्या होत्या. तो करवत बंद करून तिच्या कसरती बघत उभा राहिला आणि बाबांना म्हणाला, "ओइवा, ही लाकडं उचलतेय की हाणतेय?"

"आधी हाणते, मग उचलते," बाबा म्हणाले.

"तुझंच जंगल आहे असं समजून तोड हो," हिल्का वरून ओरडली. "दिलदारपणे!"

"समजून काय? मेपासून आहेच," सुलेवी म्हणाला, आणि सरळ मनानं म्हणाला. तिला ते लागलं. का लागलं ते कळलं नाही. संध्याकाळी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, वरच्या बाकावर बसून, अंगावरून घामाच्या धारा वाहताना, ती त्या लागण्याकडे बघत राहिली, नवी चप्पल चावावी आणि तिच्याकडे बघावं तसं. आपण आलो ते बाबांना मदत करायला. रजा संपली की हेर्वान्ता. मग जमीन सुलेवीची झाली काय आणि आणखी कुणाची झाली काय. खांदे दुखत होते, तळहातांना फोड आले होते, आणि तिनं दगडांवर पाणी टाकलं तेव्हा वाफेचा लोट येऊन पाठीवर बसला, एखाद्या मोठ्या, ओल्या, प्रेमळ जनावरासारखा.

कधी जमलं ते तिला सांगता आलं नसतं. चौथा दिवस असेल. ती काहीतरी वेगळाच विचार करत होती, बहुतेक आता नसलेल्या आईच्या निळ्या स्वेटरचा, आणि हातांनी ओंडका उचलला, फिरवला, खांबांच्या मधून आत नेला आणि आधीच्या ओंडक्यांशेजारी ठेवला. टाकला नाही, ठेवला. तिनं पुढचा उचलला. लिव्हरं तळहातात मऊ झाली होती. मधला तो लोखंडी सांधा म्हणजे आपलं कोपर, तो पंजा म्हणजे आपली बोटं, आणि लाकडाचं वजन तिला खरंच दंडात जाणवत होतं. बर्फाच्या दिवशी निसरड्या रुळांवर माणसांनी भरलेला डबा कुणालाही न कळता थांबवायचा, तीच ही गोष्ट. थोडं आधी, थोडं हळू, आणि शेवटी काहीच नाही. बाबा ओरडत नव्हते. तिनं वळून पाहिलं. ते थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत दुसरीकडेच बघत होते, लक्ष नाही असं दाखवत, आणि त्यांना ते मुळीच जमत नव्हतं.

ढीग मात्र त्यांना त्यांच्या मनासारखा हवा होता. जाड ओंडके करवतीच्या कारखान्याचे, एका बाजूला. बारीक आणि फुटलेले कागदाच्या लगद्याचे, दुसऱ्या बाजूला. सगळी जाड तोंडं रस्त्याकडे, एका रेषेत. "ट्रकवाल्याला काय फरक पडतो?" तिनं विचारलं. "त्याला नाही पडत. मला पडतो," बाबा म्हणाले. तिनं एक ओंडका परत काढून सरळ लावला, मग आणखी एक, आणि मागे सरकून पाहिलं तर गोल पिवळी तोंडं उन्हात एकमेकांवर रचलेली, आणि त्यातून डिंकाचे थेंब चमकताहेत. किती सुंदर दिसत होतं! बघवत नव्हतं इतकं. तिला लगेच अपराधी वाटलं. ही सगळी मेलेली झाडं आहेत, हिल्का. तेव्हा दुपारची भूक लागलेली होती, सुलेवी घरी जेवायला गेला होता, आणि ती बाबांशेजारी एका ओंडक्यावर बसून राय नावाच्या धान्याच्या भाकरीवर लोणी लावत होती. तिनं न बघता म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाईट वाटत असेल. तुम्ही लावलेली झाडं."

"मी कुठे लावली?"

"मग?"

"तुझ्या आईनं लावली ही. सगळा उतार. मी त्या वर्षी तिकडे उत्तरेला तोडणीला होतो, पैशासाठी. परत आलो तर ही उतारावर, कुदळ घेऊन, कमरेला रोपांची बादली बांधलेली. वेसा पाळण्यात होता, तो तिथे, त्या दगडाच्या आडोशाला." बाबांनी भाकरीच्या तुकड्यानं दगड दाखवला. "मला तसंही वाकून काम कधी जमलं नाही. लावणी, विरळणी, कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं, सगळं तीच, एल्मा, ठरवायची. मी तोडायचो. तोडायला काय, ताकद लागते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

ते खरं होतं आणि त्याचा राग यावा असंही होतं, पण राग आला नाही. तिच्या आत काहीतरी जागा बदलून बसलं. स्वयंपाकघरातली आई, ओट्याशी पाठमोरी, पिठाचे हात. आणि तीच आई कुदळ मारून, रोप घालून, टाचेनं माती दाबून पुढे सरकतेय, या उतारावर, वाऱ्यात, तिचा निळा स्वेटर घामानं पाठीला चिकटलाय, आणि ती, कुणी सांगावं, शिट्टी वाजवतेय. दोन्ही एकाच बाईच्या आठवणी. एक हिल्काची होती आणि दुसरी आता दिली गेली. तिला तो आपला अवेळी आलेला आनंद आठवला आणि पहिल्यांदा त्याची लाज वाटली नाही. कदाचित तो घरातच होता. कपाटात ठेवून विसरलेला.

"ती खूश असायची का? इथे?" तिनं विचारलं.

बाबांनी तोंडातला घास संपवला. "घरात आली की भांडायची," ते म्हणाले. "इथे नाही."

दोनच दिवसांत हवा उलटली. दक्षिणेकडून ऊबदार, ओला वारा आला, बर्फ दाणेदार, मग राखाडी, मग पाण्यानं फुगलेलं झालं, आणि घसरखुर्चीच्या पट्ट्या खडीवर खरखरायला लागल्या. बाबांना ओट्यावरच बसावं लागलं. खाली ओहोळाशी शेवटचे ओंडके राहिले होते, सगळ्यात जाड, आणि तिथली जमीन सगळ्यात आधी सैल होणारी. सुलेवी म्हणाला, "सोड ते. हिल्का, ऐक, मी सांगतो, सोड." तो चांगल्या मनानं सांगत होता, आणि त्याचं बरोबरही होतं. पण ते तिथे राहिले असते तर किडा तिथूनच उठला असता, आणि वरच्या अंगाला अजून निम्मं जंगल उभं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती जी तिनं सुलेवीला सांगितली नाही: तिला ते काम संपलेलं नको होतं. ती सकाळी लवकर, जमीन रात्रीच्या गारठ्यानं जरा घट्ट आहे तोवर, एकटी खाली गेली. सुलेवी यायला अवकाश होता.

ट्रेलर भरला. परत वळताना मागचं डावं चाक खचलं. आधी थोडं, मग आणखी, मग सगळा ट्रेलर एका अंगाला कलला आणि वरचे ओंडके कण्हल्यासारखे सरकले. हिल्कानं इंजिनाला जोर दिला नाही. चाक एकदा जागेवर फिरायला लागलं की ते स्वतःची विहीर स्वतः खणतं, हे तिला बसनं शिकवलं होतं. ती फक्त थांबली. ओहोळ बर्फाखालून खळखळत होता. एक टिटमाऊस पक्षी कुठेतरी दोनच सूर आलटूनपालटून वाजवत होता, त्याला वसंत आल्याचं कळलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या मागे कुणी उभं नव्हतं, कुणाला कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं. चूक झाली तर तिची, आणि बरोबर आलं तर तेही तिचं. तिनं मागे वळून लिव्हरं धरली. अर्धे ओंडके एकेक करून उतरवून कोरड्या जागी ठेवले. फांद्यांचा भारा पंज्यात धरून चाकाच्या पुढे नेऊन दाबला, दुसरा भारा, तिसरा. मग पंजा मिटून खचलेल्या बाजूला जमिनीवर टेकवला आणि लोखंडी हात हळूहळू सरळ केला, म्हाताऱ्या माणसानं गुडघ्यावर हात टेकून उठावं तसा. ट्रेलर उचलला गेला. चाकाखालच्या गार, काळ्या चिखलानं एक लांब चुंबन सोडावं तसा आवाज केला. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, थोडं आधी, थोडं हळू. फांद्या कडकडल्या, आणि ट्रॅक्टर त्यांच्यावरून चढून बाहेर आला.

कोरड्यावर आल्यावर ती इंजिन बंद करून खाली उतरली. मग ती मोठ्यानं गायला लागली. कुठलं गाणं ते तिलाही माहीत नव्हतं, अर्धं सौनातलं, अर्धं शाळेतलं, मधले शब्द विसरलेले. वळणावर सुलेवी करवत खांद्यावर टाकून उभा होता. त्यानं चिखल पाहिला, चाकाची खूण पाहिली, उतरवलेले ओंडके पाहिले.

"किती वेळ उभा आहेस?"

"पहिल्या कडव्यापासून," सुलेवी म्हणाला. "मदत करावी की पळून जावं ते ठरत नव्हतं."

ट्रक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी लागली. रस्ता जड वाहनांना बंद. पण ट्रक आला होता. त्याच्या चालकानं, एका गप्प, जाडजूड माणसानं, ढिगासमोर गाडी लावली, खाली उतरून तोंडांच्या त्या रेषेवरून एकदा नजर फिरवली, आणि ओट्यावरच्या बाबांकडे बघून टोपीला बोट लावलं. बाबांनी मान हलवली, हिल्काकडे. चालकानं पुन्हा, यावेळी तिच्या दिशेनं, टोपीला बोट लावलं. ओंडके एकेक करून वर गेले. ढीग होता तिथे सालीचा लालसर चुरा आणि दाबलेलं गवत उरलं, आणि ट्रक वळणाआड गेल्यावरही वास बराच वेळ रेंगाळला.

सुलेवी कॉफीला थांबला. त्याची बायको, मार्केत्ता, हिनं ब्लूबेरीचा केक पाठवला होता. तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला, बोटं पुसली, आणि म्हणाला, "मग ओइवा, सह्यांचं कधी करायचं? शहरात जाऊन वकिलाकडे, की त्याला इथे बोलवू?"

बाबांनी साखरेचा खडा कॉफीत बुडवला, तोंडात धरला, त्यातून कॉफी ओढली. "तिला विचार," ते म्हणाले.

हिल्का चुलीशी उभी होती. तिला वाटलं होतं की असा क्षण आला तर आपण विचार करू. रजा, नोकरी, ताम्पेरेपासून इथवरचा रस्ता, वेसाचा वाटा, बाबांचं वय, आपलं वय. यातलं काही आठवलं नाही. "नाही विकायचं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा निघाला, दार लाव म्हणावं इतका. "सुलेवी, तुला वाईट वाटेल. पण नाही."

सुलेवीनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग केककडे. त्याचे कान लाल झाले. क्षणभर तिला वाटलं हा उठून जाणार. पण तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या पोटातून हसू वर आलं. "मार्केत्ता आज मला दोन घास जास्त वाढणार," तो म्हणाला. "ती रोज डोकं खाते माझं. साठीला आलास, स्वतःचं जंगल झेपत नाही, दुसऱ्याचं कशाला घेतोस? मी काय सांगायचो, ओइवाला शब्द दिलाय. आता शब्द त्यानंच परत घेतला, मी काय करू?" त्यानं केकचा मोठा तुकडा स्वतःच कापून घेतला. "पण करवतीचं काम लागलं की मलाच सांगायचं. आणि गाऊ नकोस."

मे महिन्यात ती पुन्हा रजा काढून आली तेव्हा उतारावर बर्फाचा कणही नव्हता, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऊन सांडलं होतं. रस्ता पुन्हा घट्ट झाला होता. ती बाबांना गाडीत घालून रोपवाटिकेत घेऊन गेली. काठीवर चालायला लागले होते ते, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान की दोन वाफ्यांच्या मधून कारण नसताना चक्कर मारत होते. स्प्रूसची रोपं हारीनं मांडलेली होती, गडद, नीट, सैनिकांसारखी. त्यांच्यापलीकडे भूर्जाची, वीतभर उंच, नुकती फुटलेली पानं, नखाएवढी, इतकी हिरवी की त्यांच्याकडे बघून डोळे चुरचुरावेत.

"ही," हिल्का म्हणाली.

"भूर्ज?" बाबा म्हणाले. "हरणं खातील."

"काही खातील. काही राहतील."

"तुझी आई स्प्रूस लावायची."

"आणि वाऱ्यानं एका रात्रीत झोपवली. थोडी स्प्रूस लावू की, वरच्या अंगाला. उतारावर ही. मला पांढरी खोडं बघायचीत तिथे."

"पहिली विरळणी येईल तेव्हा तू सत्तरीची असशील."

"म्हणजे तुमच्याहून लहानच."

बाबांनी काठीच्या टोकानं एका रोपाचं पान उचलून खालून बघितलं, गुरं विकत घेताना दात बघतात तसं. तोवर रोपवाटिकेतली पोरगी, हिरवा एप्रन, कानात दोन-दोन बाळ्या, टॅब्लेट घेऊन आली होती. तिनं अर्थातच त्यांनाच विचारलं, "कुणाच्या जमिनीसाठी, आजोबा? मालकाचं नाव काय लिहू?"

"मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले, जरा खेकसूनच. "मालक ती उभी आहे ना समोर. मी नुसता बरोबर आलोय."

हिल्कानं नाव सांगितलं. पोरगीनं ते लिहून घेतलं. ट्रे गाडीत भरताना हिल्का एकदाही बाबांकडे बघू शकली नाही. डिकी भरली, मागची सीट भरली, उरलेले दोन ट्रे समोरच्या सीटच्या मागे उभे करून बसवले. बाबा बसले. गाडी खडीच्या रस्त्याला लागली आणि मागे सगळी पानं एकदम थरथरायला लागली, गाडीभर कोवळा, ओला वास झाला. पुढे आलेला एक शेंडा बाबांच्या मानेवर, कॉलर आणि केस यांच्या मधल्या उघड्या पट्टीवर, प्रत्येक खड्ड्याला लागत होता. ते ताठ बसले होते, समोर बघत. मान हलवत नव्हते.

"गुदगुल्या होतायत का?" तिनं विचारलं. "थांबवू? सरकवते ट्रे. की खिडकी उघडू जरा?"

"खिडकी नको," बाबा म्हणाले. "वारा लागेल त्यांना."